एका लॅपटॉपला तीन औषधं

"बा, लॅपटॉपले हात लावू नको. मी उद्या संध्याकाळी येऊन पाहीन त्याच्याकडं," असं बजावून वर्षा मंगळवारच्या सकाळच्या एसटीने यवतमाळला गेली. कॉलेजातून दाखला आणायचा होता. पूनमसिंगने मान डोलावली. लेकीने हात लावू नको म्हटल्यावर हात न लावणारा बाप घाटंजी तालुक्यात तरी अजून जन्माला यायचा आहे.

गुलाबी अळीने दुसऱ्या वेचणीलाच कापसाची बोंडं आतून पोखरली, त्या वर्षीची ही गोष्ट. बंजाऱ्यांच्या त्या तांड्यावर कोणाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पूनमसिंगच्या घरात मात्र होता. वर्षाची गुरुवारी अकरा वाजता मुलाखत होती, तीही घरबसल्या, लॅपटॉपवर. पुण्याची कंपनी होती. लोकांचे कॉम्प्युटर बिघडले की ते फोन करतात, आणि तिथल्या मुली फोनवरूनच मराठीत सांगून दुरुस्त करून देतात. अठ्ठावीस मुलींतून तिघी उरल्या होत्या आणि घ्यायची एकच होती. ही बातमी पूनमसिंगने तांड्यातल्या प्रत्येक घरी दोनदा सांगितली होती.

अडचण एवढीच, की जुना घेतलेला तो लॅपटॉप फार हळू चालायचा. सोमवारी वर्षाने त्यात एक यादी उघडून दाखवली. वर लिहिलं होतं, डिस्क शंभर टक्के.

"शंभरपैकी शंभर!" वर्षाची आई रुपीबाई हरखली. "म्हंजे पास न?"

"याडी, हे मार्क नोहोत. त्याच्यावर लोड आला. दम कोंडला त्याचा. आतमंदी कोण एवढं काम करून राह्यलं, ते हुडका लागते."

आत कोणीतरी आहे, एवढंच पूनमसिंगला ऐकू गेलं. त्या वर्षी कापूसवाल्याच्या डोक्यात आत म्हटलं की अळीच यायची.

वर्षाची एसटी दिसेनाशी होताच तो लॅपटॉप दुपट्ट्यात गुंडाळून घाटंजीला गेला. बसस्टँडजवळच्या आसिमच्या मोबाइलच्या दुकानात त्याने तो ठेवला. "याले कीड लागली. कडक औषध मार."

आसिमने तपासलं. "काका, याच्यात एक अँटीव्हायरस आधीच हाय. जुना हाय, पण हाय."

"एकानं मरते काय? नवीन टाक."

"मंग जुना काढा लागते."

"काढतं कायले? राहू दे. दोघं मिळून मारतीन."

"काका, दोन एकत्र ठेवत नाहीत."

पूनमसिंगला हसू आलं. एका औषधाने अळी हटत नाही, म्हणून एकाच पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधं कालवून फवारण्यात त्याची चार वर्षं गेली होती. अळी त्यानेही मेली नव्हती, उलट एकदा त्यालाच चक्कर येऊन शेताच्या धुऱ्यावर बसावं लागलं होतं. पण माणूस सवयीचा गुलाम. आसिम "मी नाही टाकत" म्हणून हटून बसला, तसा पूनमसिंग लॅपटॉप उचलून गावात फुलचंदकडे आला.

फुलचंद ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर बसायचा आणि उभ्या आयुष्यात त्याने कोणाला नाही म्हटलं नव्हतं. पूनमसिंगने एक मागितलं, तर त्याने एक घातलं. "आणखी एक हाय, फुकटचं हाय," म्हणून दुसरंही घातलं. आधीचं धरून आता एका लॅपटॉपात तीन औषधं झाली. पूनमसिंग समाधानाने घरी आला आणि त्याने लॅपटॉप चालू केला. चालू व्हायच्या आत रुपीबाईच्या भाकरी थापून झाल्या, भाजी झाली, गाईला पाणी पाजून झालं. मग पडद्यावर तीन चौकोन उगवले. तिघेही एकच सांगत होते, की धोका सापडला आहे.

"पाह्य, सापडला!" पूनमसिंग म्हणाला खरा, पण आवाजात जोर नव्हता.

बुधवारी संध्याकाळी वर्षा आली तेव्हा लाइट गेलेली होती, आणि तो जुना लॅपटॉप लाइटशिवाय चालू व्हायचा नाही. पूनमसिंग त्या दिवशी कधी नव्हे ते लवकर झोपला.

गुरुवारी नऊ वाजता वर्षाने लॅपटॉप उघडला आणि साडेनऊला तिची किंकाळी ऐकू आली. "बा! हे तीन-तीन कोणं टाकले?"

पूनमसिंग दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "तुह्यासाठीच टाकले, पोरी. मले वाटलं..." पोरीच्या नोकरीत आपणच मोडता घातला, हे त्याला पुरतं कळलं होतं.

वर्षाला बोलायला वेळ नव्हता. ती एकेक काढायला लागली. पण काढायचं म्हटलं तरी ते काम लॅपटॉपलाच करायचं, आणि त्याला तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सव्वादहाला पहिला निघाला. दुसरा अर्ध्यात अडकला.

"नजर लागली," रुपीबाईने निदान केलं. "साऱ्या तांड्यात सांगत फिरले न हे!" आणि कोणी अडवायच्या आत तिने मीठ-मिरच्या लॅपटॉपवरून सात वेळा ओवाळून चुलीत टाकल्या. नजर खरी असेल तर मिरचीचा ठसका उठत नाही म्हणतात. इथे असा उठला की तिघंही खोकत अंगणात धावली. म्हणजे नजर नव्हती, एवढं तरी नक्की झालं.

परत आत येईतो अकरा वाजले होते. पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या गझाला मॅडम दिसल्या. वर्षा लालभडक डोळ्यांनी त्यांच्यासमोर बसली.

"वर्षा, तुम्ही रडताय का?"

"नाही मॅडम, मिरची..." आणि चित्र थांबलं.

पाऊण मिनिटाने मॅडमचा आवाज आला. "तुमचं तोंड मघापासून उघडंच आहे. लॅपटॉपला काय झालंय?"

खोटं सांगायला बरीच कारणं होती. नेट नाही म्हणता आलं असतं. वर्षाने खरं सांगितलं. "मॅडम, डिस्क शंभर टक्के आहे. तीन अँटीव्हायरस होते, एक काढला, दुसरा निघतोय. माझ्या वडिलांनी टाकले. माझ्या काळजीपोटी टाकले."

मॅडम म्हणाल्या, "वडील तिथेच आहेत का? बसवा त्यांना समोर. ते आपले ग्राहक आणि तुम्ही आमच्या हेल्पलाइनवर. त्यांची अडचण सोडवा. मी ऐकते."

पूनमसिंग डोक्याचा रुमाल नीट करून, कोर्टात साक्षीला बसावं तसा बसला.

"नमस्कार साहेब," वर्षा म्हणाली. "मी वर्षा बोलते आहे. आपल्याला काय मदत करू?"

लेकीच्या तोंडून साहेब ऐकून तो दचकला. पण मुलाखत आहे, आपण नीट ग्राहक व्हायला पाहिजे, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो गरजेपेक्षा जास्तच नीट झाला. "लॅपटॉप चालत नाही. पण आधीच सांगतो, बाई, मी औषध काहाडू देनार नाही! अळी दिसून राह्यली अन् औषध धुऊन टाकते काय कोनी?"

दाराआडून रुपीबाईने कपाळावर हात मारला. वर्षाने पुस्तकी मराठीत दोन-तीनदा समजावून पाहिलं. ग्राहक ढिम्म हलेना. शेवटी तिने खुर्ची पुढे सरकवली.

"साहेब, तुमच्या वावरात राखनीले किती मानसं असतात?"

"एक. मीच."

"समजा तीन ठेवले. तिघं एकमेकाले वयखत नाहीत. अंधार हाय. मंग काय होईन?"

पूनमसिंग विचारात पडला. "एक दुसऱ्याले चोर समजन. बॅटऱ्या घेऊन एकमेकाच्याच मांगं पयतीन."

"अन् रानडुक्कर?"

"ते आरामात कापूस तुडवून जाईन न!"

"तेच होऊन राह्यलं, साहेब. हे तिघं एकमेकालेच तपासून राह्यले. त्याच्यात लॅपटॉपचा जीव चालला. राखनदार वाईट नाही. पन एकच पाह्यजे. अन् तुम्ही ठेवले ते मायेनंच ठेवले, तुमचं चुकलं असं कोनी म्हनत नाही."

हे शेवटचं वाक्य ग्राहकासाठी होतं की बापासाठी, ते विचारायची गरज नव्हती. पूनमसिंगचे डोळे भरून आले, आणि या वेळी मिरचीचं निमित्त उरलं नव्हतं. "काहाड, बाई," तो म्हणाला. "दोनी काहाड."

तेवढ्यात दुसरा निघालाही. चित्र सरळ झालं आणि गझाला मॅडम हसताना दिसल्या.

"एक तारखेपासून पुण्यात याल?"

त्यानंतर तांड्यात पेढे वाटायला पूनमसिंग निघाला तो शेवटच्या घरापर्यंत रुबाबात गेला. तिथून मात्र तो घरी न येता वावरात जाऊन बसला. पोरीला नोकरी लागावी म्हणून त्याने जिवाचं रान केलं होतं, पण नोकरी लागली म्हणजे पोरगी जाणार, हा हिशेब त्याच्या डोक्यात आताच आला. त्याला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम.

वर्षाला कंपनीचा कॉम्प्युटर मिळाला, म्हणून लॅपटॉप घरीच राहिला. कामावर मोबाइल बाहेर जमा करावा लागायचा. फोन रात्रीच व्हायचा, तोही पाच मिनिटं.

कामाच्या चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता वर्षाच्या कानातल्या यंत्रात घंटी वाजली. शेजारी नवीन मुलींचे फोन ऐकायला मॅडम स्वतः बसल्या होत्या.

"नमस्कार, मी वर्षा बोलते आहे. हा संवाद नोंदवला जात आहे. आपल्याला काय मदत करू?"

पलीकडून मोठा सुस्कारा आला. "लागली एकदाची! सकाळपासून बारा डाव लावला, बारा डाव दुसऱ्याच पोरी निंगाल्या. लय गोड पोरी हायेत, पन त्याइले काय इचारू?"

वर्षाने घाबरून मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या.

"साहेब," ती आवाज सांभाळत म्हणाली, "आपल्या लॅपटॉपची काय अडचण आहे?"

"लॅपटॉपले काय धाड भरली? मस्त चालून राह्यला."

"मग फोन कशासाठी केला होता, साहेब?"

"जेवली काय तू?"

वर्षाने एक क्षण डोळे मिटले. "होय साहेब," ती म्हणाली, "जेवण झालं आहे. दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी. आणखी काही मदत करू शकते?"