राही कुंभारणीने न घेतलेला घास

न्याय पाहणारा देव ज्या कोणा गावी मुक्कामास असेल तेथे त्यास दंडवत, आणि ऐकणाऱ्यांनी आधी पोटभर जेवून घ्यावे ही विनंती. हकीकत ऐसी की शके सोळाशे पन्नास, कीलकनाम संवत्सरे, ज्या साली न्यायाधीश अंताजीपंत यांची धाकटी लेक चिमाबाई बाळंतपणास माहेरी आली आणि तिला जुळे जाहले, ते साली एका राज्यात हा प्रकार घडला. राज्याचे नाव सांगावयाचे कारण नाही. ज्यास आपले वाटेल त्याने आपले म्हणावे.

त्या राज्यात वडिलांपासूनची चाल ऐसी होती, की कोणाची गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली, अगर कोणी परक्या बांधावरचा आंबा उतरविला, तर अपराध्याने गावास पंगत द्यावी, ज्याचे नुकसान जाहले त्याने अपराध्याच्या हातून पहिला घास घ्यावा आणि मग गावाने जेवावे, की अपराध धुतला गेला. या पंगतीस जातपात नव्हती, कारण भूक पुढे असली म्हणजे शास्त्र मागे बसते. चाल चांगली होती, आणि गाईपुरती व आंब्यापुरतीच होती. परंतु अंताजीपंत न्यायासनी बसले आणि त्यांचे अंतःकरण लोण्याचे. समोर कोणी डोळे पुसले की यांचेही डोळे भरून येत, आणि डोळे भरले की कायदा दिसेनासा होई. मग त्यांनी घरफोडीस पुरणपोळी लाविली, वाटमारीस श्रीखंड लाविले, आणि डोके फोडणारास बासुंदी लाविली. रयत सुखावली. कोठे चोरी जाहली ऐसे कानी आले की लोक सकाळची न्याहारी हलकी करीत, आणि दरोडा असला तर पाहुण्यांस निरोप धाडीत. पंतांस लोक दयासागर म्हणत, आणि आरशात पाहताना पंतही तसेच म्हणत. एक त्यांचे कुटुंब सगुणाबाई तेवढ्या म्हणत, "तुमच्या हातून शिक्षा होत नाही, स्वयंपाक होतो." पंत म्हणत, "अहो, कोणास रडवून कोणाचे भले जाहले?" त्या म्हणत, "ज्याचे घर फुटते तोही रडतो. घरी जाऊन रडतो, म्हणून तुम्हास दिसत नाही." पंत हसत आणि पान लावीत. पुढे ऐसे जाहले की फिर्याद घेऊन कोणी येईना, आणि पंत समजले की आपल्या दयेने राज्यात गुन्हाच उरला नाही. खरे पाहता लोकांनी घरोघरी कुत्री बाळगिली होती, आणि ज्याचे कुत्रे मोठे त्याचा न्याय मोठा, ऐसे चालले होते. कोतवालानेही एक बाळगिले होते.

ऐसे असता बाजाराच्या दिवशी सरनोबतांचे भाचे सुभानराव दारू पिऊन नव्या घोड्यावर बसले आणि पैज मारून भर बाजारातून घोडा फेकिला. लिंबा कुंभार मडकी मांडून बसला होता, तो घोड्याखाली आला आणि जागीच गेला. सुभानराव न्यायासनापुढे उभे राहिले, मामांनी कोपराने ढोसले, तेव्हा रडले. सरनोबत बोलिले, "पंत, पोर कोवळ्या वयाचे आहे. आणि घोडाही नवा होता." पोराचे वय सव्वीस होते आणि मिशीला पीळ होता, परंतु पंतांचे डोळे भरले होते, सबब दिसला नाही. मग निवाडा जाहला, की सुभानरावांनी नदीकाठी मांडव घालून जिलबी आणि बुंदीची गावपंगत द्यावी, आणि एक महिना घोड्यावर बसू नये. पालखी चालेल. लिंबाची बायको राही खांबाशी उभी होती, ती काही बोलिली नाही. पंतांस वाटले, समाधान पावली.

मग पंगतीचा दिवस आला आणि सारे गाव मांडवात बसले, पात्रे वाढिली, तूप वाढिले, आणि राही आली नाही. पहिला घास नाही तर पंगत नाही. जासूद पाठविला, तो परत येऊन बोलिला, "ती म्हणते, वेळ न्हाई." तेव्हा पानापानावरून बोलणी सुरू जाहली. एक म्हणे, "एका घासाला किती वेळ लागतो?" दुसरा म्हणे, "नवरा मेला तो मेला, भात कशाला गार करते?" आणि एक म्हातारा बुंदीवरची माशी वारीत म्हणाला, "लिंबा भला माणूस होता. तो वेळेवर आला असता." पंतांसही भूक लागली होती. मग ते स्वतः उठिले आणि कुंभारवाड्यात गेले, तो राही मडक्यांचा आवा पेटवून त्याला लाकूड सारीत बसली होती.

पंत बोलिले, "राही, चल. गाव खोळंबले आहे."

"बसा पंत. तिकडं नगं, धूर लागंल."

"एक घास घे आणि परत ये."

"आवा सोडला तर मडकी फुटत्यात. त्यानं घडवलेली शेवटची हायती. फुटली तर पुन्हा घडवायला तो न्हाई."

पंत धुराकडेच बसले होते, ते सरकून बसले. राही म्हणाली, "निवाडा ऐकला तवा मला वाटलं, पंत कुणाचं तरी लगीन ठरवत्यात. जिलबी किती, बुंदी किती, मांडव कुठं. माझ्या मालकाचं नाव कवा येतंय म्हणून खांबाला धरून हुबी हुते."

पंतांनी निवाडा मनात आठवून पाहिला. घोड्याचा रंगसुद्धा त्यात आला होता. ते बोलिले, "तू तेव्हाच बोलायचे होतेस."

"रडले असते तर तुम्ही मला बी पंगत लावली असती."

पंतांस हसू आले आणि ते मध्येच राहिले. मग म्हणाले, "तू घास घेतला नाहीस तर सुभानरावांचा अपराध धुतला जाणार नाही."

"तेवढा तरी ऱ्हाऊ द्या. दुसरं काय ऱ्हायलंय?"

"आणि गाव उपाशी उठले तर उद्या तुझे मडके कोण घेईल? याचा विचार कर."

"ते खरं हाय," ती म्हणाली, आणि आव्यात आणखी एक लाकूड सारले. "मग असं करा. माझ्या वाटचा घास तुम्ही घ्या. निवाडा तुमचा, तोंड बी तुमचं. तुमच्या गळ्याखाली उतरला तर मी समजंन, उतरला."

ऐसी बदली चालीत बसते की नाही हे कोणास ठाऊक नव्हते, परंतु पंतांनी मांडवात येऊन विचारिले तेव्हा भुकेल्या गावास एकदम आठवले, की बसते, पूर्वीही जाहले आहे. मग पंत पाटावर बसले आणि सुभानराव जिलबी घेऊन वाकले आणि हळूच म्हणाले, "लवकर उरका, पंत. पालखीची माणसे ताटकळली आहेत." पंतांनी जिलबी तोंडात घेतली. जिलबी पंतांच्या आवडीची, कुरकुरीत, केशर घातलेली, आणि ती तोंडात या गालातून त्या गाली फिरू लागली आणि खाली उतरेना. पाण्याचा घोट घेतला, तरी उतरेना. गाव द्रोणात बोटे घालून पाहत राहिले. अखेर पंतांनी घास उपरण्यात काढिला आणि बोलिले, "दयासागर म्हणता मला, आणि एक जिलबी गिळवत नाही. इतके दिवस दुसऱ्यांस गिळावयास लावीत होतो, त्यात माझे काही जात नव्हते. निवाडा फिरविला. लिंबा कुंभार याचा जीव घेतला, सबब सुभानरावांनी पाच वर्षे किल्ल्यावर दगड वाहावे." मग मागल्या पंगतीतून एकाने विचारिले, "आणि ही बुंदी?"

सरनोबत हुजुरास गेले. हुजुरांनी पाच वर्षांचे एक वर्ष केले, कारण पोर कोवळ्या वयाचे, आणि पंतांस घरी बसविले, कारण दिलेला निवाडा फिरविणारा न्यायाधीश भरवशाचा नव्हे. सगुणाबाई म्हणाल्या, "आता खराच स्वयंपाक शिका." परंतु ते एक वर्ष सुभानराव खरोखरच दगड वाहत होते, आणि लोक बाजारास जाताना वाट वाकडी करून किल्ल्याखाली उभे राहत आणि वर पाहत. आणि राहीची मडकी विकली गेली, काही तर ज्यांनी भाताची तक्रार केली होती त्यांनीच घेतली, आणि घासाघीस न करता घेतली. पुढे पंत वारले, त्यांच्या तेराव्यास गाव जेवले. राहीही आली, शेवटच्या पानावर बसली, आणि जेवली.

सारांश, त्या राज्यात पंगतीचा न्याय पुन्हा गाईपुरता आणि आंब्यापुरता राहिला, आणि लोक अजून तक्रार करितात की पूर्वीसारखे जेवण मिळत नाही. अंताजीपंत शके सोळाशे बावन्न, साधारणनाम संवत्सरे, पौष शुद्ध नवमीस घरी अंथरुणावर वारले. लिंबा कुंभार शके सोळाशे पन्नास, चैत्र वद्य पंचमीस, दोन प्रहरी, बाजारात सुभानरावांच्या घोड्याखाली मेला.