साने भावजींचा खुनाचा अहवाल

सिनेमात खून पडला की आपण काय बघतो? मारणारा कोण ते. साने भावजी बघतात जिन्याला कठडा आहे का. पडद्यावर एखादी बाई वरच्या मजल्यावरून गडगडत खाली आली की आम्ही किंचाळतो आणि भावजी शांतपणे वहीत लिहितात, "कठडा नाही. जिन्यात उजेड अपुरा."

साने मूळचे नाशिकचे, इथे सौदीत राबिघकडच्या ज्या केमिकल कारखान्यात हे आहेत, तिथेच सेफ्टी इंजिनियर. आमच्या कंपाउंडमध्ये बॅचलर क्वार्टरमध्ये एकटे राहतात. बढती मिळाली की फॅमिली क्वार्टर मिळणार आणि त्यांच्या मिसेस, मंगलाताई, इकडे येणार, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की त्यांच्या घराच्या पडद्यांचा रंगसुद्धा मला पाठ झालाय. तोवर शुक्रवारची, म्हणजे इथल्या सुट्टीची, दुपार आमच्याकडे. जेवण, सिनेमा, आणि सिनेमाचा अहवाल. "माणूस सोडा, कारण सांगा," हे त्यांचं पालुपद. माझ्या हातून कप फुटला तरी ते आधी ओट्याची उंची मोजतात.

मध्यंतरी ह्यांनी एक फ्रेंच सिनेमा आणला. जुन्या, गाजलेल्या इंग्रजी खूनकथेवरून काढलेला, पण विनोदी. हवेली इंग्लंडमधली, माणसांची नावं इंग्रजी, भांडणं मात्र अस्सल फ्रेंचमध्ये, खाली इंग्रजी अक्षरं. लॉर्डसाहेब सूप पिता पिता वाडग्यात तोंड खुपसून मेले. आमची लेक हसून लोळायला लागली. भावजींनी सिनेमा थांबवायला लावला.

"विषाची बाटली साखरेशेजारी. लेबल नाही."

"अंकल, इट्स अ कॉमेडी!"

"बेटा, बाटलीवर लेबल नाही. यात कॉमेडी कुठे आली?"

शेवटी गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं, गालिच्याला अडखळून आपटला, उठला, आणि त्याच रागात म्हाताऱ्या स्वयंपाकिणीकडे बोट दाखवलं. ती बिचारी हातातल्या पुडिंगसकट थरथरायला लागली. आम्ही हसून बेजार. भावजी मात्र उठले. "मी चहा टाकतो," म्हणाले. गालिच्याबद्दल एक अक्षर नाही! मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

गॅसवर नुसतं पाणी उकळत होतं.

"काय झालं, भावजी?"

"आमचा एक फिटर आहे, गुहागरचा सदानंद. गेल्या आठवड्यात त्यानं भलताच पाइप उघडला. हात भाजला. दोन पाइप शेजारी शेजारी, एकसारखे, टॅग एकावरही नाही. चार पानं कारणं लिहिलीत मी. पण फॉर्ममध्ये 'जबाबदार व्यक्ती' असा एक रकाना आहे. तो रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर फॉर्म घेतच नाही."

"मग?"

"वरून फोन येतायत. सदानंदचं नाव टाका, रविवारी सकाळी ऑफिस उघडलं की प्रकरण खलास करा. नाव टाकलं की त्याचा इथे राहायचा इकामा रद्द आणि तो कायमचा घरी. पोरीची बारावी आहे हो त्याच्या."

पाणी आटत चाललं होतं. त्यांचं लक्ष नव्हतं.

"पहिल्या नोकरीत मी असंच एक नाव लिहिलं होतं, वहिनी. नंतर मीटरच बिघडलेला निघाला. पण तोवर तो माणूस घरी गेला होता. अजूनही त्याच्या गावावरनं जायचं झालं तर मी लांबचा रस्ता घेतो."

मी पाण्यात चहा टाकला.

रविवारी हे ऑफिसातून आले ते चक्रावूनच. सान्यांनी रकाना भरला होता, स्वतःच्या नावानं! पाइपांना टॅग नसताना काम सुरू करायच्या परमिटवर सही त्यांचीच होती, त्यामुळे खोटं ठरवायलाही कुणाला जागा नव्हती. सदानंद राहिला. सान्यांना ताकीद मिळाली आणि बढतीच्या यादीतून नाव गेलं.

मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला. एवढा वेंधळा दिसणारा माणूस, आणि असं काही करून मोकळा!

पुढच्या शुक्रवारी ते नेहमीसारखे वही घेऊन आले. दोन घास खाल्ले, आमटीची तारीफ केली. मला राहवेना.

"मंगलाताईंना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाली, बरं केलंत."

ते ताटातला भात कालवायला लागले.

"मग रडली थोडी," ते म्हणाले. "फोन ठेवल्यावर मीही."