घरचा परवलीचा शब्द

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य गेलंय माझं. गिऱ्हाईक घ्यायला आलंय की नुसतं बघायला, हे मी त्याच्या चालीवरून सांगतो. परवा जेवताना हेच मी मुलीला रंगवून सांगत होतो, कारण ती मला भामट्यांपासून वाचवायला निघाली होती.

मुलगी दहावीत आहे. एका ऑनलाइन स्पर्धेतून सायबर सुरक्षा शिकते. खोटा मेल ओळखा, कच्चा पासवर्ड शोधा, अशी एकेक आव्हानं पार करत पोरगी अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर पोचली! मोठी झालीय. लहानपणच्या लाडक्या नावाने हाक मारायला मला बंदी आहे, मैत्रिणींनी ऐकलं तर हसतील म्हणून. मी ती पाळतो. जरा दुखतं, पण पाळतो.

"बाबा, आता नंबर खोटा बनवता येतो, आवाजसुद्धा," ती म्हणाली. "म्हणून आपला एक परवलीचा शब्द. फोनवर काही मागायचं तर आधी तो."

"आणि जो विसरेल त्याला फोनवर आठवण करून द्यायची नाही!" हा कडक नियम मीच घातला, टेबलावर हात आपटून.

दुसऱ्याच दिवशी दुकानात मेल आला. निवड झाली! मात्र पालकांची संमती चारच्या आत हवी, नाहीतर जागा दुसऱ्याला. मेलचा पत्ता मी तिने शिकवल्याप्रमाणे नीट तपासला. खरा होता. अर्जात तिचा स्पर्धेतला गुप्त क्रमांक हवा होता आणि चार वाजतच आले होते. मी फोन लावला.

"अगं, पटकन तुझा गुप्त क्रमांक सांग!" सर्दीने माझा घसा असा बसला होता, की आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"घरचा शब्द?"

"अगं, मी बाबा!"

"सगळे तेच म्हणतात."

डोक्यात नुसता अंधार! "चष्मा?"

"नाही."

"मांजर?"

"आमच्याकडे मांजर नाहीये!"

"अगं बाई, तुझी जागा जाईल!"

"घाई, भीती आणि गुप्त माहिती. तिन्ही लक्षणं," ती थंडपणे म्हणाली. "काका, काहीतरी चांगलं काम शोधा." फोन बंद. पुन्हा लावला, तर माझा नंबरच ब्लॉक!

काका! पोटच्या पोरीने मला काका केलं!

बायकोला फोन केला. ती औषधांच्या दुकानात असते.

"अहो, आवाज असा काय येतोय? आधी शब्द सांगा बघू."

"तोच तर विसरलोय! सांग ना!"

"फोनवर आठवण करून द्यायची नाही. नियम कोणाचा?"

"माझा," मी म्हणालो. तिनेही फोन ठेवला.

दुकान उघडं टाकून मी पळत सुटलो. रस्त्यावर लोक बाजूला होत होते. जिना चढताना पायऱ्या दुप्पट दिसायला लागल्या, तेव्हा कळलं, की गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचा नंबर तपासायची लोखंडी फ्रेम नाकावर तशीच आहे. बेल दाबली. दाराच्या भिंगातून एक डोळा माझ्याकडे बघू लागला.

"कोण?"

लाल नाक, लोखंडी चष्मा, घोगरा आवाज. तिच्या जागी मी असतो, तर मीही दार उघडलं नसतं.

"शब्द?"

पोरीची एवढी मेहनत माझ्या विसरभोळेपणापायी वाया जाणार, या विचाराने माझे डोळे भरून आले आणि तोंडातून आपोआप निघालं, "अगं खारूताई, दार उघड गं!"

साखळी निघाली. दार उघडलं.

"मग फोनवर का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

मी नाकावरची फ्रेम काढली. "हा होता शब्द?"

"मग काय! हे नाव दुसऱ्या कोणाला माहीत आहे का? मी सांगत होते तेव्हा तुझं भाषण चालू होतं."

चारचे ठोके पडायच्या आत आम्ही अर्ज भरला. पडद्यावर 'संमती मिळाली' उमटलं आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले, लहानपणी टाकायची तसेच.

"आता शब्द बदलावा लागणार," ती म्हणाली. "तू अख्ख्या जिन्याला ऐकवलास." मग हळूच म्हणाली, "जुना आता गुप्त राहिला नाही. हाक मारायला वापरलास तरी चालेल."

दोन दिवस झाले, मी पाणीसुद्धा खारूताईकडेच मागतो. नवा शब्दही तिने मला कानात सांगितलाय, आणि या वेळी मी अगदी नीट ऐकलाय! तो आहे... थांबा हं. आत्ता तर जिभेवर होता.