बुरूड आळी चित्रातून गाळिली त्याची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न असो, आणि ऐकणाराचे कान शाबूत असोत. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सरी, एका राज्याच्या राजधानीत घडले ते ऐसे. दूरदेशीचे धनवंत टोपीकर नवल पाहावयास येत, आणि परतताना शहराचे चित्र नेत, आणि मायदेशी भिंतीस लावून सोयऱ्यांस म्हणत, "हे आम्ही पाहिले." ही चित्रे म्हाळसाबाई चितारीण करीत. नदीपलीकडच्या टेकडीवर चार महिने बसून त्यांनी शहराचा खाका सिद्ध केला होता. रेघ न् रेघ सुईने टोचलेला तो कागद. त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की खालच्या कागदावर सारे शहर ठिपक्यांनी उमटे, आणि मग रंग भरावा. राजवाडा, घाट, देवळे, आणि राजवाड्याच्या तटाखाली बुरूड आळी, जेथे बाईंचेही घर होते. मग एके दिवशी दिवाण अंतोबा यांनी चित्र पाहिले आणि तिडीक मस्तकास गेली. बोलिले, "राजवाड्याच्या पायाशी सुपे-टोपल्या! परदेशी काय म्हणतील? तेथे बाग काढा." आणि वर हुकूम केला की चित्र खोटे पडू नये, सबब चित्र होताच आळी पाडून बाग करावी. शहराचे चित्र निघते हे ऐकिले होते. चित्राचे शहर करणारा हा पहिलाच शहाणा! बाईंस उमगले की आपण एक झाड रंगविले की चाळीस घरे भुईसपाट. तरी उत्तर दिले, "बाग दावा, बाग काढते."

मग दिवाणांनी खाका हिसकावून आळीची भोके खळीने बुजविली, तो बाईंस परत दिला, आणि दसऱ्यास टोपीकर सदरेवर येतील तोवर चित्र पाहिजे म्हणून फर्माविले. बाईंनी चित्र केले, आणि तटाखाली कोरा कागद सोडिला, हिरवा ठिपका म्हणून दिला नाही. भर दरबारी, महाराजांसमक्ष, थोरल्या टोपीकराने चित्र पाहिले, आणि खिडकीतून खाली पाहिले, आणि दुभाष्याकरवी पुसले, "येथे माणसे राहतात, ती कागदावरून कोठे गेली?" दिवाण बाईंच्या कानी लागले, "बागेची जागा आहे म्हणून सांग, नाहीतर हात कलम करीन." बाई मोठ्याने बोलिल्या, "करा की! चित्रातनं आळी जाईल, या खिडकीतनं कशी जाईल? आणि पाडलीत, तर उद्या हेच पाहुणे पुसतील. तेव्हा कुणाचा हात कापाल?"

आणि त्यांनी बगलेतला तो बुजविलेला खाका काढून उभा फाडिला, आणि सदरेवरच ठाण मांडून, खाक्यावाचून, नुसत्या हाताने चित्रातल्या कोऱ्या जागी घर न् घर काढू लागल्या. "हे राणू बुरुडाचं. हे गोदाक्काचं, हिचं सूप तुमच्या कोठीत आहे, महाराज." महाराजांची मान खाली गेली, आणि पाडण्याचा हुकूम त्यांनी तेथेच रद्द केला. कोणी म्हणतात लाजेने, कोणी म्हणतात पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून; आम्हांस दोन्ही सारखेच. टोपीकराने ते चित्र मागितले, तो बाई म्हणाल्या, "हे आळीत लागंल. तुम्हांला दुसरं काढते, आमच्यासकट."

सारांश, दिवाणांची बाग झाली नाही, आणि समुद्रापार ज्या ज्या भिंतीस तो राजवाडा लागला, त्या त्या भिंतीस बुरूड आळीही लागली. झाले ते लिहिले, तिळभर उणे नाही.