व्यावसायिक विकास, पुलाखाली

माझ्याइतका विकसित अभियंता आमच्या ऑफिसात दुसरा नाही. हे मी नाही म्हणत, माझी प्रमाणपत्रं म्हणतात! 'काँक्रीटमधील नवे प्रवाह', 'नेतृत्वाचा पाया', 'ग्राहकाशी हसतमुख संवाद', 'हसतमुख संवाद : पुढचा टप्पा'... भिंतीवर आता खिळा ठोकायला जागा नाही. आणि यातल्या एकाही व्याख्यानात काय सांगितलं ते मला विचाराल तर मी हसतमुख संवाद साधेन, एवढंच.

मी सल्लागार अभियंता आहे. म्हणजे लोक बांधतात आणि आम्ही ते उभं राहील की नाही ते सांगतो. उभं राहिलं तर कौतुक वास्तुविशारदाचं. पडलं तर फोन आम्हाला! अशा नाजूक धंद्यात परवाना टिकवायचा तर दरवर्षी ठरावीक तास 'व्यावसायिक विकास' करून घ्यावा लागतो. त्यामुळे अकरा महिने सुखानं अविकसित असलेलं आमचं ऑफिस वर्षअखेरीला एकदम ज्ञानासाठी तडफडायला लागतं.

यंदा मी ठरवलं, विकास करायचा, पण झोप मोडायची नाही. व्याख्यान रविवारी दुपारी होतं, घरबसल्या, कॉम्प्युटरवर. अट एकच : चेहरा सतत पडद्यावर दिसला पाहिजे. मी शनिवारीच इस्त्रीचा शर्ट घातला, कॅमेऱ्यासमोर बसलो आणि स्वतःचं चित्रीकरण केलं. आधी मान हळूहळू डोलावली. मग हनुवटीखाली हात घेऊन गंभीर झालो. मग एक समजूतदार स्मित, आणि पुन्हा मान डोलावणं. कॅमेऱ्याच्या जागी हेच चित्रीकरण फिरत ठेवायची युक्ती मी इंटरनेटवरून शिकलो होतो. यंदा मी खरोखर शिकलेली तेवढी एकच गोष्ट!

रविवारी जेवण झालं. कॉम्प्युटरवर मला डोलायला बसवलं आणि मी आत जाऊन आडवा झालो.

संध्याकाळी जाग आली ती फोननं. फोन 'बीम'चा होता. बीम म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र. तो कायम आडवा पसरलेला असतो आणि दोन्ही बाजूंनी कुणीतरी त्याला उचलून धरलेलं असतं, म्हणून बीम.

"लेका, तुझा आमच्यावर कसला राग आहे?" बीमनं सुरुवातच अशी केली.

"का रे? काय झालं?"

"काय झालं? म्हाताऱ्यानं विचारलं, मी फार भरभर बोलतोय का? आणि तू मान डोलावलीस!"

म्हातारा म्हणजे त्या दिवशीचे वक्ते. निवृत्त अभियंते, उभा जन्म पूल बांधण्यात गेलेला, सगळे त्यांना पूलमहर्षी म्हणतात.

"बरं, मग?"

"मग ते अर्ध्या गतीनं बोलायला लागले! नंतर म्हणाले, हा मुद्दा पुन्हा समजावू का? तू परत डोलावलीस! आमचा रविवार गेला की रे! पोरगी दारात उभी राहून रडत होती, बाबा आपण बाहेर कधी जायचं!"

"सॉरी यार," मी म्हणालो. मनातून मात्र खूश होतो. चित्रीकरण चोख चाललेलं दिसत होतं.

"ते जाऊ दे," बीमचा आवाज एकदम हळवा झाला. "पण शेवटी तू जे केलंस ना... मानलं तुला. आमच्यात कुणाची हिंमत नव्हती."

मी उठून बसलो. "शेवटी काय केलं मी?"

"आता विनय नको! उद्या भेटू. काळजी घे. घरच्यांशी नीट बोलून घे."

घरच्यांशी? ही कसली भाषा! मी परत फोन लावला, तर बीमचा फोन एकदम व्यस्त. सगळं ऑफिस माझ्याबद्दल बोलत होतं बहुतेक.

सोमवारी ऑफिसात शिरलो तर टाळ्या! आमचे साहेब स्वतः खुर्चीतून उठले. हे साहेब सहसा फक्त जेवायला आणि घरी जायला उठतात.

"ये, ये! वाघ आहेस!" त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली. "पूलमहर्षी म्हणाले, पूर्वीचा अभियंता पुलावर भार टाकायच्या वेळी स्वतः पुलाखाली उभा राहायचा. आज आहे का कुणात तेवढा विश्वास? सगळे असे पुतळ्यासारखे बसले! मीसुद्धा... म्हणजे माझा आवाज बंद होता. आणि एकटा तू, शांतपणे, मंद हसत, मान डोलावत होतास!"

मी हसतमुख संवाद साधायचा प्रयत्न केला.

"सर, ते तात्त्विक होतं..."

"कसलं तात्त्विक! मी लगेच जाहीर केलं, गुरुवारी आमच्या पुलाची भार चाचणी आहे, हा तरुण खाली उभा राहील. तेव्हाही तू मान डोलावलीस! महर्षी स्वतः यायचे म्हणाले."

आमचा पूल म्हणजे शाळेपासून मैदानापर्यंत जाणारा, कालव्यावरचा पादचाऱ्यांचा पूल. त्याची आकडेमोड केली होती... मी. एरवी या गोष्टीचा मला अभिमान होता. त्या क्षणी मात्र वाटलं, ती कुणातरी अधिक हुशार माणसानं करायला हवी होती.

खरं सांगावं, तर व्याख्यानाला झोपा काढल्या म्हणून परवाना जाणार. सांगू नये, तर पुलाखाली! मी एक शेवटची आशा धरून सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेलो. तो इतका कडक की ओल्या फरशीवर पाटी लावली नाही म्हणून सफाई कंपनीला घरी पाठवणारा माणूस.

"भार चाचणीच्या वेळी खाली माणूस उभा करणं नियमात बसत नाही ना हो?" मी लाडिक आवाजात विचारलं.

त्यानं खूप विचार केला. मग कपाटातून नवं कोरं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट आवळला. "आता बघा. अख्खा पूल अंगावर आला तरी हेल्मेट जागचं हलणार नाही!"

घरी सांगितलं. बायको हिशेबतपासनीस आहे. लोकांच्या आकड्यांमधली खोट शोधणं हा तिचा व्यवसाय आणि नवऱ्यातली शोधणं हा छंद. तिनं सगळं ऐकून घेतलं. चित्रीकरणाची भानगडही सांगितली मी तिला, लपवून उपयोग नसतो.

"म्हणजे तू झोपला होतास आणि तुझा फोटो नोकरी करत होता," ती म्हणाली. "आणि त्याचं काम तुझ्यापेक्षा जास्त आवडलं लोकांना."

"अगं, इथे माझ्या जिवाचा प्रश्न आहे!"

"तू आकडेमोड नीट केली आहेस ना?"

"केली आहे."

"मग घाबरतोस कशाला?"

मी जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरले आणि बुधवारपर्यंत तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा वाचत बसलो. प्रत्येक वेळी उत्तर बरोबर यायचं आणि प्रत्येक वेळी माझा त्यावरचा विश्वास कमी व्हायचा. शाळेतली मुलं वर्षानुवर्षं या पुलावरून धावणार, हे मी आजवर एका ओळीत लिहून टाकलं होतं : 'पादचारी भार'. आता त्या ओळीला पाय फुटले होते. बुटांसकट!

गुरुवारी कालव्यावर जत्रा! शाळेचे मुख्याध्यापक, आमचं अख्खं ऑफिस, काठी टेकत आलेले पूलमहर्षी, सुट्टी काढून आलेली बायको, आणि आमचे सासरे. सासऱ्यांना फोटोग्राफीचा नाद आहे. घडीची खुर्ची, तिपाई आणि तोफेएवढी लेन्स घेऊन ते पलीकडच्या काठावर ठाण मांडून बसले होते.

"जावईबापू, जरा उजेडाकडे तोंड करा!" ते ओरडले. "आणि हसा! असा चान्स परत यायचा नाही!"

कालव्याचं पाणी बंद केलेलं होतं, खाली नुसता चिखल. मी पुलाच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहिलो. पाय घोट्यापर्यंत आत गेले. वर पाहिलं. सोमवारपर्यंत देखणा वाटणारा तो पूल आता डोक्यावर हात उगारलेल्या मास्तरासारखा दिसत होता.

वरून माणसांचे आवाज येत होते. काहीतरी घासत नेल्याचा, काहीतरी आपटल्याचा. वाळूच्या गोण्या! मी डोळे फाडून पाहत होतो आणि पूल मला स्पष्ट खाली येताना दिसत होता. हो, शपथेवर सांगतो! पोळपाटाखाली सापडलेल्या मुंगीला जे दिसत असेल ते सगळं मला दिसलं. घराचे हप्ते, बायकोचा चेहरा, भिंतीवरची प्रमाणपत्रं, सगळं डोळ्यांपुढून सरकलं.

आणि तेवढ्यात, कडाड्!

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात की मी आधी ओरडलो आणि मग पळालो. बीम म्हणतो, आधी पळालो आणि ओरडणं मागून आलं. चिखलात माझा एक बूट राहिला, दुसरा हवेत गेला आणि मी काठाच्या उतारावर छातीवर पडून घसरत पुन्हा खाली आलो.

"पडला! पूल पडला!" मी किंचाळत होतो.

मग कठड्यावरून मुकादमाचं डोकं डोकावलं.

"साहेब, काय पडलं? गोण्यांचा ट्रक अजून यायचाय. आम्ही नुसतं झाडून घेत होतो."

मी मान वळवून पाहिलं. पलीकडच्या काठावर नुकत्याच कडाडून मोडलेल्या घडीच्या खुर्चीत पाय वर करून सासरे पडले होते. लेन्स मात्र त्यांनी छातीशी धरून सुखरूप ठेवली होती.

"काही लागलं नाही!" त्यांनी पडल्यापडल्याच हात केला. "आडवा पडून काढले, पण पळतानाचे झकास आलेत!"

लोक हसायला लागले. पूलमहर्षी काठीवर रेलून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी चिखलातून उठलो आणि गुपचूप गाडीकडे निघालो, तर बायको उतारावरून खाली उतरत होती. पँटचे पाय वर दुमडून.

"थांब," ती म्हणाली. "एक विचारायचं राहिलंच. आकडेमोड तू केलीस. तपासली कोणी?"

"साहेबांनी."

"वाचून?"

"अं... सही आहे त्यांची."

"मी काय विचारलं?"

आमच्या ऑफिसात साहेब सही करतात ती कागदाच्या कोपऱ्यावर. वाचायचं तर कागद पूर्ण उलगडावा लागतो!

बायकोनं वर पाहिलं आणि तिच्या त्या गोड, हिशेबतपासनिसाच्या आवाजात हाक मारली, "सर! आकडेमोडीच्या कागदावर तपासणाऱ्याची सही तुमची आहे ना?"

"हो, अर्थात!" साहेब काठावरून अभिमानानं म्हणाले.

"मग या ना खाली! दोघांचाही विश्वास दिसू दे लोकांना."

साहेबांचा रंग ताज्या सिमेंटसारखा झाला. त्यांनी मागे पाहिलं. मागे पूलमहर्षी टाळ्या वाजवत होते. बाजूला पाहिलं. बाजूला सुरक्षा अधिकारी दुसरं हेल्मेट पुसत होता.

ट्रक आला. गोण्या चढायला लागल्या. पुलाखाली चिखलात आम्ही दोघं.

"ते कागद आहेत का रे तुझ्याकडे?" साहेबांनी कोरड्या आवाजात विचारलं.

मी खिशातून काढून दिले. आणि साहेबांनी, माझ्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच, आकडेमोड वाचली. पहिल्या ओळीपासून. ओठ हलवत. वर गोणी आदळली की जागा चुकायची, मग पुन्हा वरून सुरुवात. असं मन लावून वाचणारा माणूस मी वाचनालयातसुद्धा पाहिलेला नाही.

"अरे!" ते एकदम ओरडले. मी त्यांचा हात पकडला. "अरे, तू माणसांचं वजन दोनदा धरलं आहेस!"

"कुठे?" मी कागदात डोकं घातलं. खरंच की! इतक्या वेळा वाचून मला दिसलं नव्हतं. "सर, मुलं... उड्या मारतात ना..."

"उड्या? इथे हत्तींची शाळा भरवली तरी चालेल!" साहेबांना माझ्यावर चिडावं की मला मिठी मारावी ते कळेना. एवढं लोखंड फुकट गेलं होतं, पण आम्ही जिवंत राहणार होतो! "मूर्ख! गाढव! देवा, किती बरं झालं!"

तरीही खरं सांगतो, शेवटची गोणी चढेपर्यंत आम्ही दोघांनी एकमेकांचा हात सोडला नाही. कागदावरचं खरं असतं हे आम्हाला ठाऊक आहे. पण तो कागद कुणी लिहिलाय आणि कुणी तपासलाय, हेही ठाऊक होतं!

पूल तसूभरही हलला नाही. मुख्याध्यापक खूश, महर्षी खूश. बायको गाडीत एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी सही करायच्या आधी वाचायला सांग त्यांना. दरवेळी मला सुट्टी मिळणार नाही." आणि साहेब आता खरोखर वाचतात. प्रत्येक कागद, प्रत्येक ओळ. परिणामी ऑफिसातली सगळी कामं खोळंबली आहेत आणि त्याबद्दल सगळे मला शिव्या देतात.

सासऱ्यांनी काढलेल्या फोटोंपैकी एक अभियंत्यांच्या मासिकात पूर्ण पानभर छापून आला. खाली ओळ होती : 'अढळ विश्वास'. बायकोनं तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला, त्यासाठी माझी चार प्रमाणपत्रं उतरवली. फोटोत चिखलात उभे असलेले मी आणि साहेब, एकमेकांचे हात घट्ट धरलेले, माना खाली, डोळे गच्च मिटलेले.

घरी येणारे पाहुणे तो बराच वेळ निरखतात. मग आवाज एकदम खाली आणून, जपून विचारतात,

"कोण गेलं होतं हो?"