परदेशी मित्राची तब्येत

छ्यू वैद्यांनी द्वार्तेच्या डाव्या मनगटावर तीन बोटं टेकवली, डोळे मिटले, मग उजवं मनगट धरलं, जीभ बघितली आणि सांगितलं, "याला काहीही झालेलं नाही."

द्वार्तेला घेऊन आलेला थंग ज्यावन तालुक्याच्या सांस्कृतिक खात्यात कारकून होता आणि पोर्तुगालहून फरशांच्या कारखान्यात नोकरीला आलेला द्वार्ते हा त्याचा टेबलटेनिसमधला जोडीदार. परदेशी मित्राला चिनी वैद्यकाची ओळख करून द्यायची आणि तो बरा झाला की त्याचा फोटो वर्तमानपत्रात छापून आणायचा, ही खात्याच्या खौ साहेबांची कल्पना होती. साहेब उत्साही. परदेशी मित्र खडखडीत बरा झाल्याचं त्यांनी वरच्या कचेरीला आधीच कळवून टाकलं होतं. आता त्याने आजारी पडायचं तेवढं राहिलं होतं.

"अंगात थोडी उष्णता असेल की," थंग अजिजीने म्हणाला.

"नाही."

"मग थंडी तरी?"

"ज्यावन, बैलासारखी नाडी आहे त्याची. औषध कशावर देऊ?"

द्वार्ते भला माणूस. मोडक्यातोडक्या चिनीत त्याने गुडघा दुखतोय असं सांगण्याची तयारी दाखवली. त्यावर म्हातारे छ्यू वैद्य असे काही भडकले, की दोघांना चहा अर्धवट टाकून बाहेर पडावं लागलं.

फोटोवाला दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. थंगने विचार केला, खोटं दुखणं चालत नसेल तर खरं आणू. छ्यू वैद्य लहानपणापासून त्याला जे जे खाऊ नको म्हणून बजावत आले होते, ते सगळं त्याने त्या संध्याकाळी मित्रापुढे मांडलं. मिरच्यांच्या उकळत्या रश्श्यात बुडवलेली बकऱ्याची आतडी, त्यावर ज्वारीची दारू, तिच्यावर बर्फासारखी बियर. पाहुण्याला एकट्याला जेवायला लावणं बरं दिसेना, म्हणून घासाला घास, पेल्याला पेला थंगनेही साथ दिली. मग घामेजल्या अंगाने त्याने द्वार्तेला नदीकाठी वाऱ्यात नेऊन बसवलं. स्वतःही शेजारी बसला.

सकाळी द्वार्ते धावून, आंघोळ करून, शीळ घालत थंगच्या दारात हजर झाला. थंग मात्र अंथरुणात आडवा होता. पोटात आग, मान एका बाजूला अडकलेली. द्वार्तेने त्याला पाठुंगळी घेतलं आणि दवाखाना गाठला. रस्ताभर लोक बघत होते. मान वळवता येत नसल्यामुळे थंगला तोंड लपवणंही जमेना.

छ्यू वैद्यांनी यावेळी नाडी धरताच समाधानाने मान हलवली. "आता कसं! याला म्हणतात दुखणं." त्यांनी थंगच्या मानेत, खांद्यात आणि पोटावर सुया टोचल्या आणि ते मागे काढ्यासाठी मुळ्या-पानं काढायला गेले. थंगने जन्मात सुई टोचून घेतली नव्हती. तो घाबरून विव्हळू लागला, तसं धीर द्यायला द्वार्तेने त्याचं मनगट घट्ट धरलं. नेमके तेवढ्यात खौ साहेब फोटोवाल्याला घेऊन आत शिरले आणि फोटो निघाला.

थंगने झोपल्या झोपल्या माफी मागायला सुरुवात केली. साहेबांचं लक्षच नव्हतं. ते कॅमेऱ्यात बघत होते.

"परदेशी पेशंट काय, प्रत्येक तालुक्यात एकेक सापडतो," ते हळूच म्हणाले. "परदेशी वैद्य कुणाकडे आहे?"

वर्तमानपत्रात फोटो झळकला. आपल्या प्राचीन विद्येत पारंगत झालेला परदेशी मित्र स्थानिक कर्मचाऱ्यावर उपचार करताना, असं खाली छापलं होतं. वरच्या कचेरीने अभिनंदन कळवलं. पुढच्या रविवारी दवाखान्यापुढे कोपऱ्यापर्यंत रांग लागली. छ्यू वैद्य आधी संतापले, मग त्यांनी रांग नीट पाहिली आणि द्वार्तेसाठी खुर्ची मांडली. तू नुसतं मनगट धर, जीभ बघ आणि हूं म्हण, असं त्यांनी त्याला बजावलं. खरी नाडी ते त्याच्यामागून पेशंटच्या दुसऱ्या हाताची बघत.

थंगची आई छ्यू वैद्यांच्या शेजारच्याच घरात लहानाची मोठी झालेली, पण तिने त्यांच्या काढ्याला कधी ओठ लावला नव्हता. त्या संध्याकाळी घरी आल्यावर थंगला स्वयंपाकघरातून कडूजहर वास आला. आई काढा उकळत होती.

"परदेशी डॉक्टरनं दिलाय," ती म्हणाली. "पोटात आग आहे म्हणे माझ्या."

"आई, तो कारखान्यात भट्ट्या दुरुस्त करतो गं."

"मग?" आईने झाकण ठेवलं. "आगीतलं त्याला नाही कळणार, तर काय त्या छ्यूला कळणार?"