खिशातलं निओडिमियम

"बाबांच्या टेबलावरच्या कशालाही हात लावू नकोस," घड्याळजींच्या धाकट्या मुलीने बजावलं होतं. "मागचं स्थळ त्यापायीच गेलं." म्हणून तिच्यासाठी होकार मागायला दुकानात शिरताच रसायनशास्त्राच्या सरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. सकाळी रविवारच्या जादा तासाला दाखवलेला चुंबक शर्टाच्या खिशातच राहिलाय, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून बसले होते. शेजारी थोरले जावई बॅटरीचा उजेड धरून उभे होते. ते दर रविवारी हौसेने मदतीला येतात, अशी सासऱ्यांची समजूत होती.

"बोला सर. काय येतं तुम्हाला?"

सरांना फक्त धातू येत होते. ते टेबलावर वाकले. "काका, या घड्याळाची केस टायटॅनियमची. हलकी, आणि गंजाचं नाव नाही. त्या पट्ट्याला क्रोमियमचा मुलामा, म्हणून एवढा लखलखतोय. आणि ते आतलं पिवळं चाक..." प्रत्येक धातूला सर आणखी थोडे वाकत होते. हात मागेच होते. संयम शिकावा तर त्यांच्याकडून.

"जावईबापू, इथले स्क्रू कुठे गेले?"

जावईबापू बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरले. आता सरांना स्वस्थ बसवेना. टेबलाला छाती टेकवून तेही शोधू लागले, तेव्हा उरलेसुरले स्क्रूही गेले.

"भुताटकी झाली की काय दुकानात?" असं म्हणत घड्याळजींनी चिमटा उचलला. तो त्यांच्या बोटांतून निसटला आणि सरांच्या छातीला जाऊन चिकटला. बघतात तो खिशावर गोवर उठावा तसे सगळे स्क्रू.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. लग्न हातचं गेलं हे त्यांना कळत होतं, आणि घाबरले की सर शिकवायला लागत. "निओडिमियम आहे, काका. अंतःसंक्रमण मूलद्रव्य. घरात जागा नाही म्हणून पाहुण्यांना अंगणात बसवावं, तसं याला मूलद्रव्यांच्या तक्त्याच्या खाली वेगळ्या ओळीत बसवतात. पण लोखंडाशी जमलं की याच्यासारखा चुंबक नाही." मग रडवेल्या आवाजात म्हणाले, "मी कशालाही हात लावला नाही."

"हात लावला असतात तर परवडलं असतं." घड्याळजींनी उघडं घड्याळ कानाला लावलं. ते सुसाट पळत होतं. "आतल्या कमानीत, त्या बारीक स्प्रिंगमध्ये, चुंबक शिरला. आता हे कायम उद्याची वेळ दाखवणार."

आतल्या दारात धाकटी येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं, भिंग काढलं आणि बराच वेळ पुसत बसले.

"माणूस लबाड नाही, एवढं दिसलं," ते शेवटी म्हणाले. "मुलगी दिली. पण एक अट आहे. लग्नानंतर या दुकानात पाऊल टाकायचं नाही. रविवार असो, सुट्टी असो, घरी बसायचं. जन्मभर."

आधी आनंद मानावा की अपमान, हे सरांना कळेना. चिमटा आणि स्क्रू खिशावरून सोडवून देऊन ते बाहेर आले. मागोमाग थोरले जावई आले, गुडघ्यांवरची धूळही न झटकता. दुकानाकडे एकदा वळून बघत ते हळूच म्हणाले,

"सर, तो चुंबक पुढच्या रविवारपुरता देता का?"